ऐंशी गुणांचा धसका

प्रश्न : अमेरिकेत शिकतो, कॉलेजच्या बास्केटबॉल संघासाठी आकडेवारी काढतो. पुढचा प्रतिस्पर्धी सामन्याला सरासरी ८० गुण करतो, आम्ही ७०. निभाव लागेल?

उत्तर : आधी दोन्ही संघांचे चेंडूचे ताबे मोजा. बास्केटसाठीचे एकूण प्रयत्न वजा आक्रमक रिबाउंड, अधिक गमावलेले चेंडू, अधिक फ्री थ्रोंची ०.४७५ पट. त्यांचे ८० गुण ७५ ताब्यांत आले असतील, तर शंभर ताब्यांमागे १०७ होतात. तुमचे ७० गुण ६२ ताब्यांत असतील, तर ११३. म्हणजे आक्रमणात सरस तुम्हीच! तुमचे गुण कमी दिसतात ते संथ खेळामुळे; कॉलेज बास्केटबॉलचा २०१९चा विजेता व्हर्जिनियाही संथच खेळायचा.

मग बास्केटबॉल-विश्लेषक डीन ऑलिव्हर यांचे चार घटक पाहा : नेम, गमावलेले चेंडू, आक्रमक रिबाउंड, फ्री थ्रो. नेमाला सर्वांत जास्त वजन द्या. तो काढताना तीन गुणांची बास्केट दीडपट धरा.

एका ठिकाणी मात्र हमखास फसगत होते. त्यांच्याविरुद्ध तीन गुणांचे फटके कमी टक्के पडले, म्हणून बचाव भक्कम समजू नका. त्यात नशिबाचा वाटा फार मोठा असतो. असे फटके किती घेऊ दिले, ते मोजा. ती संख्या जास्त असेल, तर कोपऱ्यातला नेमबाज मोकळा कसा सुटतो, हे व्हिडिओत शोधा आणि प्रशिक्षकांना तेवढेच तुकडे दाखवा.