संगणकात आज्ञावली बसत नाही तेव्हा

बीड जिल्ह्याच्या अकराही तालुक्यांत सातबारा, जन्ममृत्यूचे दाखले, शिष्यवृत्तीचे अर्ज आणि पीक विमा ही कामे आता संगणकावाचून होत नाहीत. खरीप विम्याची मुदत संपत आलेली असावी, सेवा केंद्रासमोर शेतकऱ्यांची रांग लागलेली असावी, आणि नेमकी त्याच वेळी नवी आज्ञावली संगणकात बसू नये, असा प्रसंग कोणावरही येऊ शकतो. धारूर किंवा वडवणीसारख्या ठिकाणी तंत्रज्ञ हाकेच्या अंतरावर असतोच असे नाही. म्हणून दोषाचे मूळ ओळखण्याची रीत शिक्षकांनी व ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी जाणून घेणे इष्ट होय.

संगणकाची मूळ कार्यप्रणाली आणि त्याला जोडलेले प्रत्येक उपकरण यांच्यामध्ये दुभाष्याचे काम करणारी एक लहान आज्ञावली असते. तिला ड्रायव्हर म्हणतात. दुभाषा जुना आणि भाषा नवी झाली, की व्यवहार अडतो.

याचे बोलके उदाहरण विंडोज ७ चे आहे. ही प्रणाली पेनड्राइव्हवरून बसविताना ‘सीडी किंवा डीव्हीडी ड्राइव्हचा आवश्यक ड्रायव्हर सापडत नाही’ अशा अर्थाची सूचना पुष्कळदा येते. यंत्राला तबकडीचा ड्राइव्हच नसतो, तरीही! सूचनेवर विश्वासून अनेकांनी तबकडीच्या ड्राइव्हचा शोध घेण्यात दिवस घालविले. वस्तुतः २००९ साली आलेल्या या प्रणालीला यूएसबी ३.० ची ओळखच नव्हती. ती पुढे २०१२ च्या विंडोज ८ मध्ये आली. प्रारंभी यंत्र स्वतः पेनड्राइव्ह वाचते. नंतर सूत्रे प्रणालीच्या हाती जातात आणि तिला तोच पेनड्राइव्ह दिसेनासा होतो. निळ्या खाचेतून काढून तो यूएसबी २.० च्या काळ्या खाचेत लावला, की जुन्या यंत्रांत काम बहुधा मार्गी लागते. २०१५ नंतरच्या अनेक यंत्रांत मात्र एवढ्याने भागत नाही. तबकडीवर ओरखडे असले किंवा प्रत अपुरी उतरली असली, तरीही हीच सूचना येते. तेव्हा प्रत नव्याने करून पाहावी. अर्थात, विंडोज ७ ची सुरक्षा-दुरुस्ती १४ जानेवारी २०२० रोजी आणि विंडोज १० ची सर्वसाधारण दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली, हे ध्यानात घेता कार्यालयीन यंत्रावर जुनी प्रणाली नव्याने बसविण्यात शहाणपण नाही.

प्रणाली बदलल्यावर तबकडीचा ड्राइव्हच नाहीसा होतो, हा दुसरा प्रकार. डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्याच्या नावापुढे पिवळी खूण आणि १९ किंवा ३९ हा क्रमांक आढळतो. तबकड्या लिहिण्याच्या जुन्या आज्ञावलीने मागे ठेवलेल्या नोंदी हे त्याचे नेहमीचे कारण. तेथे ड्राइव्हची नोंद काढून टाकून यंत्र पुन्हा सुरू करावे. या ड्राइव्हचा ड्रायव्हर विंडोजमध्येच असतो व तो आपोआप बसतो. म्हणूनच ‘सीडी ड्राइव्हचा नवा ड्रायव्हर’ देऊ करणाऱ्या अनोळखी संकेतस्थळांच्या वाटेला जाऊ नये. एवढ्याने न भागल्यास रजिस्ट्रीतील ‘अपरफिल्टर्स’ व ‘लोअरफिल्टर्स’ या नोंदी काढाव्या लागतात. ते काम मात्र रजिस्ट्रीची प्रत ठेवून जाणकारानेच करावे.

डिजिटल स्वाक्षरीच्या टोकनबाबत अधिक सावधगिरी हवी. १ मे २०१८ पासून राज्यात डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला आणि या बोटभर उपकरणाचे महत्त्व वाढले. काही टोकन संगणकाला लावताच लहानशा सीडी ड्राइव्हसारखे दिसतात, कारण त्यांचा ड्रायव्हर त्यांच्याच पोटात साठविलेला असतो. टोकन घेतले त्या वर्षाचा तो ड्रायव्हर नव्या प्रणालीत बसण्यास नकार देऊ शकतो. अशा वेळी जुना ड्रायव्हर काढून, टोकन बाजूला ठेवून, निर्मात्याच्या अधिकृत स्थळावरील नवा ड्रायव्हर घ्यावा. प्रणाली ३२ बिटची आहे की ६४ बिटची, हे आधी पाहावे. त्यानंतरच टोकन जोडावे.

घाईत टोकन ‘इनिशिअलाइज’ करण्याचे बटण मात्र दाबू नये. त्यामुळे आतील स्वाक्षरीची किल्ली पुसली जाते, ती परत मिळविता येत नाही, आणि नवे प्रमाणपत्र हाती येईपर्यंत त्या अधिकाऱ्याच्या स्वाक्षरीची सर्व कामे खोळंबून राहतात.