अवकाशयात्रेची शिदोरी

बुलढाणा जिल्ह्यातील लोणार गावाजवळ एक विशाल विवर आहे. अतिप्राचीन काळी आकाशातून आलेली एक उल्का येथील काळ्या बेसाल्ट खडकावर आदळली आणि सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचे हे विवर निर्माण झाले. त्याच्या तळाशी सरोवर आहे. परंतु त्याचे पाणी इतके क्षारयुक्त आहे की, तहानलेल्या वाटसरूसही त्याचा उपयोग नाही. अशा पाण्यात एक सूक्ष्म नीलहरित शेवाळ मात्र सुखाने वाढते. मळसूत्रासारख्या पीळदार तंतूंच्या या शेवाळास स्पिरुलिना म्हणतात. याच जातीच्या शेवाळाकडे आज अवकाशशास्त्रज्ञांचे लक्ष लागले आहे.

प्रवासास निघालेला मनुष्य शिदोरी बरोबर घेतो. १९८४ साली राकेश शर्मा अवकाशात गेले, तेव्हा मैसूरच्या संरक्षण अन्न संशोधन प्रयोगशाळेने त्यांच्यासाठी आंब्याच्या वड्या आणि इतर भारतीय पदार्थ सिद्ध केले होते. अवकाशयानात वस्तूंना वजन जाणवत नाही. पावाचा चुरा खाली न पडता तरंगत राहतो आणि डोळ्यांत किंवा यंत्रांत शिरतो. म्हणून तेथे पावापेक्षा पोळीसारखी भाकरी बरी. मीठही पाण्यात विरघळवून न्यावे लागते. पुष्कळसे पदार्थ वाळवून नेतात व खाताना त्यांत पाणी घालतात. तेथे हाडे व स्नायू झिजू लागतात, म्हणून आहारात प्रथिने आणि जीवनसत्त्वे यांचा विचार काटेकोरपणे करावा लागतो.

आठ दिवसांची शिदोरी नेणे कठीण नाही. पण मंगळावर जाऊन परत येण्यास दोन-तीन वर्षे लागतील. एका माणसाला दररोज वेष्टनासह सुमारे १.८ किलो अन्न लागते. चार माणसांचे तीन वर्षांचे अन्न जवळजवळ आठ टन भरेल! एवढा भार कोणते यान वाहील?

म्हणून अन्न वाटेतच पिकविता यावे, असा शास्त्रज्ञांचा प्रयत्न आहे. स्पिरुलिनाला जमीन लागत नाही. पाणी, प्रकाश व थोडे क्षार पुरतात. वाळविलेल्या शेवाळात निम्म्याहून अधिक भाग प्रथिनांचा असतो. शिवाय प्रवाशांच्या उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइड घेऊन ते प्राणवायू देते. २०१७ साली युरोपीय शास्त्रज्ञांनी या शेवाळाची एक लहानशी टाकी आंतरराष्ट्रीय अवकाशस्थानकावर पाठविली होती.

मात्र केवळ शेवाळावर माणसाचे भागणार नाही. त्यातील ब-१२ जीवनसत्त्व बहुतांशी अशा रूपात असते की, ते माणसाच्या उपयोगी पडत नाही. आणि त्याचा उग्र वास रोज कोणास रुचेल? २०२५ च्या जूनमध्ये शुभांशु शुक्ला त्या स्थानकावर गेले, तेव्हा त्यांनी खाण्यासाठी गाजराचा हलवा, मूगडाळीचा हलवा व आमरस नेला होता. स्पिरुलिनाही त्यांच्याबरोबर होते, पण ते प्रयोगाच्या सामानात. वजनरहित अवस्थेत ते कसे वाढते, हे त्या प्रयोगात पाहावयाचे होते.