पातेल्यातलं मटण कोण खातं?

आमच्या कोल्हापुरात मटणाला हळद, मीठ, आलं-लसूण लावून शिजवलं की मसाला पडायच्या आधी जो रस्सा निघतो, तो अळणी. नाव अळणी, पण मीठ असतंच. तांबडा-पांढरा व्हायच्या आधी घरातल्या लहानग्याची वाटी बाजूला निघते, अशी रीत. माझी तीन मुलं याच वाटीवर वाढली, हे मी सुनेला इतक्यांदा ऐकवलं होतं की पुढचं वाक्य तीच पुरं करायची.

नातवाचं उष्टावण झालं, सून शाळेत परत रुजू झाली आणि बाळाचं खाणंपिणं माझ्याकडे आलं. सकाळी वरणाचं पाणी, दुपारी पेज, बुधवारी आणि रविवारी अळणी. मूल गुटगुटीत दिसायचं. नवव्या महिन्यात मात्र ते फिकं पडलं, किरकिर वाढली. डॉक्टरांनी डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली आणि रक्त तपासायला सांगितलं. हिमोग्लोबिन ९.२ आलं. निदान ११ हवं होतं. काय खातो, असं त्यांनी विचारल्यावर मी तोऱ्यात अळणीचं सांगितलं.

"आणि पातेल्यातलं मटण कोण खातं, आजी?"

"आम्ही."

पुढचं त्यांनी फार ताणलं नाही. बाळ पोटातून येताना लोहाची शिदोरी घेऊन येतं, ती साधारण सहा महिने पुरते. आईच्या दुधात लोह थोडंच असतं, म्हणून नंतरचं घासातून यायला हवं. मांसातलं लोह बहुतेक मांसातच राहतं. रश्शात उतरते ती चव. वरणाच्या पाण्याचंही तेच, डाळ आमच्या ताटात आणि पाणी बाळाच्या वाटीत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत सहा महिने ते पाच वर्षं वयाची देशातली ६७ टक्के मुलं रक्तक्षयी निघाली होती. आमच्या नातवाच्या घरात आठवड्यातून दोनदा मटण शिजत होतं, तरी तो त्यांच्यातलाच.

लोहाचे थेंब सुरू झाले. मी मात्र मान खाली घालून घरी आले आणि थेट दुसऱ्या टोकाला गेले. हातात धरून खाता येईल असं काही देऊ या, असं सून म्हणाली होती. मी गाजराच्या कांड्या कुकरला एकच शिट्टी देऊन काढल्या, हातात गिळगिळीत नकोत म्हणून. नातवाला खाली नुकते दोन दात आले होते. पुढचे दात तुकडा तोडतात, तो चावायला दाढा लागतात, हे इतकी वर्षं संसार करून माझ्या ध्यानात आलं नाही. तुकडा तुटला आणि आवाज बंद झाला. ना खोकला, ना रडणं. ओठ काळसर पडायला लागले. मी घाबरून तोंडात बोट घातलं. तेच करायचं नव्हतं, न दिसणारा तुकडा त्यानं आणखी आत जातो. खालच्या मजल्यावरच्या नर्सबाई धावत आल्या. बाळाला हातावर पालथं घेतलं, डोकं खाली, जबडा तळव्यात, आणि दोन्ही खांद्यांच्या मधोमध तळहाताचे जोरकस फटके. चौथ्याला तुकडा फरशीवर पडला. पाच फटक्यांनी निघाला नसता तर उलटून छातीच्या मधोमध पाच दाब, मग पुन्हा फटके, आणि कुणीतरी १०८ ला फोन, असं त्यांनी नंतर पाणी पिता पिता सांगितलं. बाळ ओकारी काढत असेल, लाल होऊन खोकत असेल तर थांबून बघायचं, ते आपलं आपण सोडवतं. घात असतो तो गप्प होण्यात.

महिनाभर मी पुन्हा पेजेवर आले असते. सून तयार नव्हती. "आई, मऊ करायला शिकू या," म्हणाली.

शिकताना बरंच वाया गेलं. पहिल्यांदा चिकनच्या छातीचा खिमा कबाबासारखा मळमळ मळला, रबर झालं. मीठ घालून मळलं की मांस चिवट धरतं, कबाबाला तेच हवं असतं, बाळाला नको. दुसऱ्यांदा रव्यात घोळवून तव्यावर भाजले, वरची खरपूड कडक. आता मी मांडीचं मांस घेते, त्याला चरबी असते म्हणून ते मऊ राहतं. खाटकाकडे उभं राहून समोर हाडं काढून घेते, दोनदा बारीक करून घेते, आणि घरी खिमा बोटांनी चाचपते. हाडाची कपची डोळ्यांना दिसत नाही, बोटाला लागते. पाव किलो खिम्याला एक मोठं उकडलेलं रताळं, वाटीभर किसलेला दुधी, मूठभर भिजवून कुस्करलेले पोहे, चिमूटभर जिरेपूड. मीठ नाही, वर्ष होईपर्यंत नाहीच. मीठ नसल्यामुळे खिमा सुटा राहतो, त्याला रताळं धरून ठेवतं. हलक्या हातानं एकत्र करायचं, बोटाएवढे लांबट मुटके वळायचे आणि मोदकपात्रात पंधरा मिनिटं वाफवायचे. एक मोडून बघायचा, आत गुलाबी दिसला तर आणखी वाफ. मटणाचा खिमा आधी कुकरला चांगला शिजवून घ्यावा लागतो, एवढाच फरक.

भाजीला शिट्ट्या मोजत बसू नका. अंगठा आणि तर्जनीत हलकेच दाबून तुकडा चुरडला पाहिजे. लाल भोपळा फार लवकर शिजतो आणि हातातून निसटतो, म्हणून मी त्याला भाजलेलं नाचणीचं पीठ लावते. फ्लॉवरच्या तुऱ्याला देठाची मूठ आपसूक मिळते. सुरुवातीला बाळ अख्ख्या मुठीनं धरतं, म्हणून तुकडा मुठीबाहेर डोकावेल इतका लांब हवा. चिमटीत धरायला लागलं की बारके, पण मऊच. द्राक्षं, शेंगदाणे, कच्चं गाजर, सफरचंदाच्या फोडी यांच्या वाटेला मी अजून जात नाही. कलेजीत लोह भरपूर, तसं अ जीवनसत्त्वही भरपूर, म्हणून आठवड्यातून एकदाच, चमचाभर. मध वर्षाच्या आत बोटावरही नाही. आमच्याकडे अजून चाटवतात.

भरवताना मांडीवर आडवं धरायचं मी सोडलं. ताठ बसवते आणि समोरून हलत नाही, दारावरची बेल वाजली तरी.

अळणी अजून होतं. नातू आता मटणाचे मुटके खातो, अर्धे खातो नि अर्धे खुर्चीला फासतो. वाटी आजोबांकडे जाते, आणि त्यांना ती मिठाशिवाय चालत नाही.