ग्राफिक्स कार्ड बदलण्याआधी

प्रश्न : माझ्याकडे जीटीएक्स १६५० आहे. नवे गेम अडखळतात. आरटीएक्स ३०६० घ्यावं का?

उत्तर : आधी कार्डच कमी पडतंय का, ते तपासा. गेमचं रिझोल्यूशन १०८० वरून ७२० वर आणा. फ्रेम रेट चांगलाच वाढला, तर अडचण कार्डाची. जेमतेम तेवढाच राहिला, तर बहुधा प्रोसेसरची, आणि मग नव्या कार्डाचे पैसे वाया जातील. सेटिंग्ज उतरवल्या की भागतं, असं कुणी म्हणेल. ते बऱ्याच अंशी खरं. पण २०१९ च्या या कार्डाची ४ जीबी मेमरी अनेक नव्या गेमना अपुरी पडते, तिथे १२ जीबीचं ३०६० खरा फरक दाखवतं. मात्र १६५० ला ७५ वॅट पुरतात, ३०६० ला १७० लागतात. गरज पडल्यास पॉवर सप्लायचा खर्चही धरा. चाचणीत कार्डच कमी पडलं, तरच खरेदी करा.