पिलांचे रक्त पिणारा तांबडा किडा

भालकी, औराद, आळंदकडे आपण खुराडे बहुधा तुराट्यांचे बांधतो. स्वस्त खरे, पण त्याच्या फटी म्हणजे माइट नावाच्या बारीक तांबड्या किड्याचे घर. हा दिवसा फटीत दडतो आणि रात्री पिलांचे रक्त पितो. म्हणून दिवसा पिलू हातात घेऊन पाहिले तर काही सापडत नाही. पिले मलूल होतात, तोंड फिकट पडते, एखादे सकाळी मेलेले आढळते. आपण मात्र मानमोडीला दोष देतो.

अंधार पडल्यावर बॅटरी घेऊन जावे. बसायच्या दांडीखालून पांढरे फडके फिरवावे. रक्ताचे डाग उमटले तर शंका नको.

आमचे सांगणे असे, की पिलांआधी घराला औषध हवे. पिले दुसऱ्या डालग्यात हलवावीत. खुडूक कोंबडीच्या घरट्यातला भुसा जाळावा, खुराड्यावर उकळते पाणी ओतावे, फटींत चुना भरावा. तो वाळल्यावरच पिले आत सोडावीत. उन्हाळ्यात आठवडाभरात नवी पिढी तयार होते, तेव्हा सातव्या दिवशी हे सर्व पुन्हा करावे. पुष्कळजण एकदाच करतात आणि चुन्याला नावे ठेवतात! खुराडे नुसते महिनाभर रिकामे ठेवूनही भागत नाही. किडा उपाशी कित्येक महिने तग धरतो.

तुरीवरचे फवारणीचे औषध पिलांवर कदापि मारू नये. २०१७ साली नेदरलँड्समध्ये याच किड्यासाठी फिप्रोनिल वापरले गेले आणि लाखो अंडी बाजारातून परत घ्यावी लागली. अंगावर लावायचे औषध पशुवैद्यकीय दवाखान्यातूनच, पिलांचे वय सांगून आणावे.

नवे खुराडे बांधणाऱ्यांनी तळाला शहाबादी फरशी घालावी. तिला फटी कमी, आणि ती धुताही येते.