सढळ हाताचा पेग: गिऱ्हाईक खूश, पण गल्ल्याचं काय?



हिंगोली, वसमत, कळमनुरीकडे परमिट रूम किंवा फॅमिली रेस्टॉरंट टाकायचं ठरवणाऱ्यांना हा प्रश्न कधी ना कधी पडतोच: "काउंटरवरचा पोरगा पेग जरा जास्त भरतो. गिऱ्हाईक खूश असतं. मग त्याला थांबवायचं कशाला?"

आजचा धडा यावरच आहे. तुमचा धंदा दारूचा नसला तरी वाचा. फरसाण, दूध, रसवंती, मिठाई, सगळीकडे हाच प्रश्न येतो: वरचं कोण देतंय आणि कुणाच्या खिशातून?

१. आधी हिशोब करू

७५० मिलीच्या बाटलीत ६० मिलीचे साडेबारा पेग बसतात. समजा बाटली तुम्हाला १००० रुपयांना पडली आणि पेग तुम्ही १४० ला विकता. बाटलीमागे विक्री झाली १७५० रुपये. कर, लायसन्स फी, भाडं, पगार निघायच्या आधी हातात राहिले ७५०.

आता पोरगा अंदाजाने ओततो आणि पेग ७५ मिलीचा होतो. बाटलीत १० च पेग निघाले. विक्री १४००, हातात ४००.

पेगात फक्त १५ मिली वाढले, पण बाटलीमागचे ३५० रुपये गेले. म्हणजे जवळपास निम्मा नफा. रोज ४ बाटल्या उघडत असाल तर दिवसाला १४०० आणि महिन्याला ४२,००० रुपये. ही रक्कम कुठल्याच बिलात दिसत नाही, म्हणून मालकाला वाटतं की धंदा तर चाललाय, मग पैसा जातो कुठे?

त्यात दारूच्या साठ्याचा आणि विक्रीचा हिशोब नोंदवहीत ठेवावा लागतो. राज्य उत्पादन शुल्क विभागाची तपासणी आली आणि बाटलीतला माल विक्रीशी जुळला नाही, तर "पोराचा हात सढळ आहे हो" हे उत्तर चालत नाही.

२. खरं नुकसान पैशाच्या पुढचं आहे

नीट लक्ष द्या, आजचा मुख्य मुद्दा हाच आहे.

सोमवारी एका पोराने ७५ मिली ओतले. मंगळवारी त्याची सुट्टी होती, दुसऱ्याने मापाने बरोब्बर ६० दिले. गिऱ्हाईक काय म्हणतं? "माप मारायला लागले राव!" मंगळवारचा पोरगा शंभर टक्के प्रामाणिक होता, तरी चोर तोच ठरला.

सैल हात प्रामाणिक मापाला खोटं पाडतो. एकदा वरचं दिलं की ते भेट राहत नाही, दुसऱ्या दिवसापासून तो हक्क होतो.

आपल्याकडचं गिऱ्हाईक मापाच्या बाबतीत हळवं आहे आणि त्याला कारण आहे. मोंढ्यात हळद किंवा सोयाबीन घेऊन गेलेला शेतकरी काट्यावरचा आकडा दोनदा बघतो. तोच माणूस संध्याकाळी तुमच्या टेबलावर बसलेला असतो. छोट्या गावांत लोक सुट्या पेगाऐवजी सीलबंद क्वार्टर मागवतात, तेही याचसाठी: १८० मिली म्हणजे १८०, वादच नको.

आणखी एक गोष्ट. जास्तीच्या पेगाचं श्रेय दुकानाला मिळत नाही, पोराला मिळतं. टीप त्याच्या खिशात आणि माल तुमचा. उद्या तो दुसरीकडे कामाला लागला की त्याची गिऱ्हाइकं पण त्याच्या मागे जातात.

३. गिऱ्हाईक मिली मोजत नाही, पेग मोजतं

माणूस घरून ठरवून येतो, "आज दोनच." तुम्ही ७५ चे दोन दिले तर त्याच्या पोटात अडीच गेले आणि त्याला ते माहीतच नाही. बाहेर त्याची मोटारसायकल उभी आहे आणि गाव १५ किलोमीटरवर आहे.

मोटार वाहन कायद्यात १०० मिली रक्तात ३० मिलीग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं की गुन्हा होतो. पहिल्याच वेळी १०,००० रुपये दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. दंड भरता येतो, गेलेला माणूस परत येत नाही. पिऊन गाडी चालवायचीच नाही, हा नियम आहेच. पण आपण किती प्यायलो हे त्याला खरं कळणं, हा त्याचा हक्क आहे. म्हणून जास्तीचा पेग हा प्रेमाचा प्रकार वाटला तरी गिऱ्हाइकाची ती एका अर्थी फसवणूकच आहे.

४. मग रीत कशी लावायची?

*मालकासाठी:* पहिल्या दिवसापासून पेग मेझर वापरा, तेही वैधमापन विभागाचा शिक्का असलेलं. कमी देणं हा वैधमापन कायदा, २००९ प्रमाणे गुन्हा आहे, आणि जास्त देण्यात तुमचं दिवाळं आहे. एकच माप दोन्हीपासून वाचवतं. ओतताना माप गिऱ्हाइकाला दिसलं पाहिजे. पोरगा चुकला तर टेबलासमोर ओरडू नका, दुकान बंद झाल्यावर बोला.

*पोरासाठी:* त्याला वाक्य तयार करून द्या, नाहीतर तो भिडेपोटी ओततो. "दादा, माप सगळ्यांना सारखंच आहे. तुम्हाला बर्फ, सोडा अजून आणू का?" नकार पण झाला आणि मान पण राहिला. टीप ही सेवेची असते, मालाची नाही, हे त्याला कामावर घेतानाच सांगा.

*गिऱ्हाईक असाल तर:* पोराला "जरा वाढव ना" म्हणू नका. तुम्ही त्याला मालकाच्या गल्ल्यात हात घालायला सांगताय. न मागता जास्त आलं आणि तुम्हाला नको असेल तर सरळ सांगा, "पुढचा मापाने दे भाऊ." त्यात संकोच कसला?

*ओळखीच्या माणसाला पाजायचं असेल तर:* पूर्ण पेग द्या, नोंद करा आणि "मालकाकडून" असं लिहा. द्यायचं ते उघडपणे, मालकाच्या नावाने आणि हिशोबात.

५. सढळपणा कुठे दाखवायचा?

पाणीपुरीवाल्याकडून शिका. शेवटी तो एक सुकी पुरी देतो. ती सगळ्यांना मिळते, शेवटी मिळते आणि त्याला फारशी महाग पडत नाही. पण तेवढ्यासाठी गिऱ्हाईक हात पुढे करून उभं राहतं. भाजीवाल्याच्या मूठभर कोथिंबिरीचंही तसंच. विकत दिलेल्या भाजीच्या वजनात तो गडबड करत नाही, वरचं तो वेगळं देतो.

बारमध्ये ही जागा चकण्याची. भाजलेले शेंगदाणे, फुटाणे, लिंबू पिळलेली काकडी. स्वस्त पडतं, डोळ्यांना दिसतं, आणि पोटात काहीतरी जातं. माप पक्कं ठेवा, मन मोठं ठेवा. दोघांची जागा वेगळी आहे.

आजचा गृहपाठ

एका रिकाम्या बाटलीत पाणी भरा. काउंटरवरच्या प्रत्येकाला मापाशिवाय ६० मिली ओतायला सांगा, पाच वेळा. प्रत्येक वेळी मोजा आणि लिहा. दारू विकत नसाल तर पावशेर शेव किंवा पाव लिटर दूध अंदाजाने काढायला लावा. कुणाला रागवू नका, फक्त आकडे त्यांच्यासमोर ठेवा. मग वर केलेला हिशोब स्वतःच्या भावाने मांडा.

तुमचा महिन्याचा आकडा किती निघाला, ते कमेंटमध्ये नक्की लिहा. भेटू पुढच्या धड्यात!