ओसरीवरचा दिवा
पृथ्वी तापते आहे, हे आपण वर्गात शिकतो. पण त्यात आपल्या घराचा वाटा किती? सिल्वासात टोकरखाड्याला आमच्या ओसरीवर ६० वॉटचा बल्ब रोज ५ तास जळत असे. मी हिशेब मांडला: वर्षाला सुमारे ११० युनिट. ९ वॉटच्या एलईडी दिव्याला १६ पुरतात. कोळशापासून एक युनिट वीज तयार होताना, उष्णता अडवून धरणारा कार्बन डायऑक्साइड वायू सुमारे एक किलो बाहेर पडतो. म्हणजे दिवा बदलल्याने वर्षाला ९० किलोंच्या आसपास वायू टळला!

हे आजीला अभिमानाने सांगितले, तर ती म्हणाली, “अरे, पण ओसरीवर कोणी नसताना दिवा हवाच कशाला?”

माझ्या हिशेबात हे राहूनच गेले होते. मित्रहो, दिवा बदलावाच. पण आधी तो मालवायची सवय लावून घेऊ या.